उद्याही या

पेसाखच्या सणात बुलोर खोला भात खात नसे. निवडायची, धुवायची, शिजवायची, पहिलं ताटही तीच वाढायची. तोंडात मात्र शीत घालत नसे.

समरकंदच्या आमच्या यहुदी मोहल्ल्यात हे विचित्रच होतं. सणाचे दिवस पाव बंद. खमीर नाही, बिनखमिराच्या भाकरीपलीकडे कणकेचा कण घरात नाही. त्यात भातही सोडला तर माणसाने खायचं काय? आणि ही तर साऱ्या मोहल्ल्याची स्वयंपाकीण. लग्न असो, सुंता असो, कुणाच्या बापाचा वर्षाचा दिवस असो, मोठ्या कढईपाशी बाह्या सारून उभी असणार ती खोलाच. खोला म्हणजे मावशी. तिला नुसतं बुलोर म्हणणारी माणसं हळूहळू मरून गेली होती.

सून सिव्यो तोंडाची फटकळ. ती दरवर्षी म्हणायची, "आई, मीठ बघायला तरी चाखा. दरवेळी आमच्यावरच कसला प्रयोग?"

"मीठ वासाने कळतं," खोला म्हणायची, आणि आपल्या ताटात उकडलेला बटाटा घ्यायची.

कुणी म्हणे तिचं पोट नाजूक आहे. कुणी म्हणे नवरा लढाईत होता तेव्हा नवस बोलली असेल. नवस नव्हता. ती लाज होती, आणि ती एका म्हातारीपाशी सुरू झाली होती.

जर्मनीशी लढाईचा पहिला हिवाळा. खोलाचा नवरा इल्योवू याला सरकारने मजूर पलटणीत दूर उत्तरेला नेलं होतं. मोहल्ल्याचं मोठं प्रार्थनाघर सरकारने त्याआधीच बंद केलेलं; त्यात कापसाची पोती भरली होती. म्हणून प्रार्थना खोलाच्या घरी, मागच्या खोलीत. पुरुष एकेक करून येत. खोला फाटकाशी बसे, मांडीवर पितळी परात, परातीत तांदूळ. गल्लीत अनोळखी माणूस वळला की ती परात उंबऱ्यावर आपटायची, खडे झटकल्यासारखी. आतला आवाज थांबायचा. गस्तीच्या शिपायाला वाटत असे, या बाईला जगात तांदूळ निवडण्यापलीकडे काम नाही.

तांदूळ तेच असत. शिजत नसत. रोज नुसते निवडले जात.

प्रार्थना चालवायचे अबोखाय अमाक; अमाक म्हणजे काका. आयुष्यभर रेशीम रंगवलेलं, बोटं अजून निळी. दहा पुरुष जमले तरच पूर्ण प्रार्थना होते, मेलेल्यांसाठीचं काद्दिश म्हणता येतं. तरणी माणसं लढाईवर गेलेली. बरेचदा नऊच भरत. अमाक दाराकडे बघत बसत, आणि मग अर्धीच प्रार्थना करून उठत.

त्या दिवसांत आगगाड्या माणसं आणून टाकत होत्या. पोलंडातून, युक्रेनमधून, जिथून पळता आलं तिथून. एका सकाळी खोलाच्या फाटकाशी एक माणूस उभा राहिला. कोटाला बटण नाही, हनुवटी गुळगुळीत. आपणही यहुदीच हे पटवायला त्याने हाताने डोळे झाकले आणि प्रार्थनेतली 'ऐक, इस्राएल' एवढी ओळ म्हटली.

"एवढं तर पोपटही शिकेल," खोला म्हणाली, आणि परात आपटली.

अमाक बाहेर आले. त्यांनी त्याच्या हाती प्रार्थनेचं पुस्तक दिलं. तो भराभरा वाचू लागला, पण उच्चार असे की निसोन न्हावी आतून म्हणाला, "हा वाचतोय की शिंकतोय?"

"शब्द आपलेच आहेत," अमाक म्हणाले. "बस रे, बाळ."

असा झेलिग आमचा दहावा झाला. आपल्या गावात तो शिंपी होता. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. मोडकीतोडकी रशियन त्याला येई आणि निसोनला येई. तेवढाच काय तो पूल.

त्याची आई होती, फ्राइदे. चायखान्याच्या मागे गाढवांच्या तबेल्यात दोघांना कोपरा मिळाला होता. शुक्रवारी तो आईला बरोबर आणू लागला. झेलिग आत जाई, आणि फ्राइदे फाटकाशी खोलाजवळ बसे. दोघींत एक शब्द सारखा नव्हता. खोला आपल्या भाषेत शेजारणींच्या चुगल्या सांगायची, म्हातारी तिच्या भाषेत हुंकार द्यायची. मग म्हातारी काहीतरी लांबलचक सांगायची, आणि खोला म्हणायची, "हो ना, सुना असतातच तशा." सुनेविषयी होतं की नाही, देव जाणे. दोघी हसायच्या.

फ्राइदेला दिसायचं कमी. पण बोटांना डोळे होते. तांदळात लपलेला गव्हाचा दाणा ती नुसत्या स्पर्शाने काढायची आणि खोलाच्या तळहातावर ठेवायची, जणू मोतीच. खोला एकदा निसोनच्या बायकोला, तोवोला, म्हणाली, "ही म्हातारी अगदी माझ्या आईसारखी निवडते गं."

पेसाख जवळ आला. तो मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्यासाठी खोलाने हिवाळाभर तांदूळ राखले होते. घरात कितीदा नुसत्या सलगमाच्या पाण्यावर भागवलं, पण गाडग्यातल्या तांदळाला हात लावला नाही. सणाचा तांदूळ आमच्याकडे तीनदा निवडतात. एक गव्हाचा दाणा राहिला तरी सगळं बाटलं. तिन्ही वेळा फ्राइदे परातीला परात लावून बसली. तिसऱ्यांदा निवडून झालं तेव्हा तिने तांदळावरून हात फिरवला आणि खोलाकडे बघून मान डोलावली. खोलाने ठरवलं, पहिलं ताट हिचं.

सणाच्या संध्याकाळी माणसं जमली. अमाक, निसोन, तोवो, झेलिग आणि त्याची आई. जेवणाआधी आमच्याकडे एक रीत आहे. बिनखमिराची भाकर फडक्यात बांधून गाठोडं करायचं, खांद्यावर टाकायचं, हातात काठी घ्यायची, वाकून खोलीभर चालायचं. बाकीच्यांनी विचारायचं, कुठून आलास? मिसरमधून. कुठे चाललास? यरुशलेमला. सगळे हसतात, कारण वाकून चालणारा माणूस रोजचाच असतो, निसोन न्हावी नाहीतर आणखी कुणी.

त्या वर्षी पाहुणा म्हणून गाठोडं झेलिगला दिलं. अमाकनी विचारलं, "कुठून आलास?" निसोनने ते रशियनमध्ये सांगितलं.

झेलिगने आपल्या गावाचं नाव सांगितलं.

कुणी हसलं नाही. अमाकनी हळूच त्याला सांगितलं, मिसर म्हण. "मिसर," झेलिग म्हणाला, आणि गाठोडं उतरवून भिंतीशी ठेवलं.

मग खोला भात घेऊन आली. कोथिंबिरीचा हिरवा भात, मध्ये कुठे कुठे काळजाचा बारीक तुकडा. त्या वर्षी असा भात अख्ख्या गल्लीत शिजला नव्हता. ती सरळ फ्राइदेपाशी गेली आणि पहिला घास वाढायला वाकली. झेलिगने आईच्या ताटावर हात आडवा धरला.

तो निसोनला काहीतरी म्हणाला. निसोन म्हणाला, "म्हणतो, आमच्यात हे चालत नाही."

खोला तशीच वाकलेली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. अमाकनी काही सांगायला हात वर केला, पण त्यांच्या तोंडात सणाच्या रीतीचा कडू पाला होता, आणि खोलाच्या तोंडात काहीच नव्हतं.

"गाठोडं द्या रे त्याच्या खांद्यावर परत," ती म्हणाली. "माझा भात बाटलेला वाटत असेल तर जा म्हणावं मिसरला. जेव म्हणावं फारो राजाच्या घरी. पोटात कावळे ओरडतायत, आणि ऐट बघा."

तोवो हसली. मग सगळेच हसले. निसोनला वाटलं चांगला विनोद आहे. त्याने तो हसत हसत रशियनमध्ये सांगून टाकला.

झेलिग उठला. अमाकपुढे मान लववली. आईला दंडाला धरून उठवलं. फ्राइदेला काही कळलं नव्हतं. सगळे हसतायत म्हणून तीही थोडी हसत होती. दारापाशी जाता जाता ती वळून खोलाकडे आली, आणि तिच्या गालावर तळहात ठेवला, निरोप घेताना ठेवतात तसा. हात गार होता.

भात त्या दिवशी सगळा संपला. चांगला झालाय असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला नऊ जण. अमाकनी बराच वेळ दाराकडे पाहिलं. मग बाहेर फाटकाशी येऊन खोलाजवळ उकिडवे बसले. म्हणाले, त्या लोकांत सणाला भात खात नाहीत. त्यांच्या वाडवडिलांनी कधी काळी बंद केला, का ते त्यांनाही नीट ठाऊक नाही, पण पाळतात. आपला भात वाईट म्हणून नव्हे. त्यांच्या घरचं सगळं गेलं, तेवढी एक रीत उरली म्हणून.

"मग सांगायचं ना आधी," खोला म्हणाली.

"मी घास गिळत होतो. तू थांबली नाहीस."

"म्हातारीने माझ्या शेजारी बसून निवडला तो तांदूळ. तिन्ही वेळा."

"तुझा तांदूळ म्हणून निवडला. तिचा म्हणून नाही." अमाक गुडघ्यांवर हात टेकून उठले. "तुझ्या जिभेने माझा दहावा माणूस घालवला, बुलोर."

तिने परातीत मान घातली. परातीत तांदूळ नव्हते. सगळे आदल्या दिवशी संपले होते. तरी बोटं फिरत राहिली.

त्या संध्याकाळी सणाचं दुसरं जेवण. निसोन म्हणाला, येईल, पोट आणेल त्याला. खोलाच्या मनात होतं की यावा. आला तर काही न बोलता अंडी पुढे करायची, असं तिने ठरवलंही. फाटक वाजलं की ती बघायची. स्वतः उठून बोलवायला जावं, हे मनात आलं होतं. पण सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोर परत कसं घ्यायचं, ते तिला जमेना. कढईपाशी कुणाचं ऐकून न घेणारी बाई होती ती. झेलिग आला नाही.

सण चालू राहिला. एका दुपारी तिने निखाऱ्यात बटाटे भाजले. भात शिवलेल्या भांड्याचा प्रश्नच नको म्हणून राखेतच भाजले. फडक्यात बांधून निघाली. गल्लीच्या तोंडाशी नळावर तोवो पाणी भरत होती.

"काय गं बुलोर, मानकऱ्याला डबा निघाला वाटतं?"

खोलाचे पाय तिथेच वळले. "छे. नणंदेकडे चाललेय," ती म्हणाली, आणि खरंच नणंदेकडे गेली. नणंदेच्या घरी खायला होतं. नणंदेने ते बटाटे मीठ लावून खाल्ले, छान भाजलेत म्हणाली, आणि सालं गाढवाला टाकली.

सण सुटला तेव्हा ती चायखान्यामागे गेली. आता कुणी पाहिलं असतं तरी चाललं असतं. कुणी पाहिलं नाही. तबेल्यात पेंढ्यावर फ्राइदे तापाने तळमळत होती. झेलिग ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत होता. खोलाला पाहून तो बाजूला सरकला. रागावला नाही. जागा करून दिली, बस.

खोलाने सूप आणलं होतं. फ्राइदेने चमच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली. गिळवेना.

तिला टायफस झाला होता. त्या वसंतात टायफसने कितीतरी माणसं गेली. सगळे तसंच म्हणाले. खोला स्वतः मात्र तो शब्द कधी बोलली नाही. म्हातारी चौथ्या की पाचव्या दिवशी गेली. आमच्या बायकांनी तिला आंघोळ घातली. खोलाने पाणी ओतलं. इतकं हलकं शरीर तिने आयुष्यात उचललं नव्हतं, आणि उचललेली कमी नव्हती.

आमच्याच दफनभूमीत, कडेच्या रांगेत, तिला जागा दिली. निसोनने खड्डा खणायला मदत केली. तो दिवसभर एकही विनोद बोलला नाही.

मग एका सकाळी झेलिग फाटकाशी येऊन उभा राहिला, पहिल्या दिवशी उभा होता तसाच. आईसाठी काद्दिश म्हणायचं तर दहा माणसं हवीत. दहा भरतील एवढी माणसं साऱ्या शहरात त्याच्या ओळखीची एकाच घरात होती. आत यायला त्याला खोलाच्या मांडीवरच्या परातीला वळसा घालून जावं लागणार होतं.

खोला उठली. एरवी फाटकाची एकच फळी उघडत असे. तिने दोन्ही उघडल्या. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं. क्षमा मागायचा रशियन शब्द तिने निसोनकडून शिकून ठेवला होता, घोकला होता. तो शब्द आला नाही. झेलिग आत गेला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, तोच शिंकल्यासारखा उच्चार, आणि त्यामागून आमच्या नऊ जणांचं आमेन.

त्यानंतर तो वर्षभर रोज आला. रोज सकाळी खोला तो शब्द तयार ठेवायची आणि रोज तो तिच्याच घशात राहायचा. म्हणून ती दुसरं काही करत राहिली. शुक्रवारी त्याच्यापुढे ताट ठेवायची. त्याच्या कोटाला बटणं लावावीत म्हणून नवऱ्याच्या जुन्या अंगरख्याची काढून दिली. शिंप्याला बटणं देताना कसंसंच वाटलं तिला, पण त्याने घेतली. त्याच्या पाठोपाठ तबेल्यातले, स्टेशनवरचे, त्याच्या भाषेचे आणखी पुरुष येऊ लागले. मागची खोली पुरेना. अमाकना आता दाराकडे बघत बसावं लागत नव्हतं. लोक म्हणू लागले, बुलोरच्या घरी केवढं पुण्य चाललंय. ती ऐकायची आणि आत निघून जायची.

वर्षभरात झेलिगला आमची भाषा येऊ लागली. चुकतमाकत, पण येऊ लागली. "सलोम, खोला," म्हणायचा.

पुन्हा पेसाख आला. खोलाने एक पातेलं वेगळं काढलं, ज्याला भात कधी शिवला नव्हता. त्यात बटाटे, बीट, अंडी. पाहुण्यांसाठी ते, आणि आमच्यासाठी मूठभर तांदळाचा भात. झेलिग आला, त्याच्याबरोबरचे लोक आले. जेवणं झाली. दोन्ही भाषांतली गाणी एकमेकांत घुसली आणि कुणीच मागे हटेना, तेव्हा अमाक हसता हसता खोकले.

झेलिग ताटं उचलायला चुलीपाशी आला. खोलाने अखेर त्याच्याकडे पाठ न फिरवता म्हटलं, "त्या दिवशी माझ्या तोंडून जे गेलं, ते तुझ्या आईने..."

"आईला कळलं नाही, खोला."

तिचा हात थांबला. "खरंच?"

"तिला रशियन कुठे येत होती? वाटेत तिने विचारलं, सगळे एवढे का हसले? मी काय सांगणार? मी सांगितलं, बाई म्हणाली, उद्याही या."

खोलाच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. झेलिग ताटातली सालं गोळा करत बोलत राहिला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नव्या भाषेत शब्द शोधत बोलणारा माणूस जसा संथ बोलतो, तसा तो बोलत होता.

"दुसऱ्या संध्याकाळी ती शाल पांघरून बसली. म्हणाली, चल, बोलावलंय. मी म्हटलं, माझा पाय दुखतोय. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सण संपेपर्यंत विचारायची. म्हणायची, ती बाई फाटकाशी बसून आपली वाट बघत असेल. वाईट दिसतं, झेलिग." त्याने सालं बादलीत टाकली. "तो तांदूळ सणाचा असेल हे तिच्या मनातही नव्हतं, कुणाच्या लग्नासाठी आहे असं तिला वाटायचं. म्हणायची, लग्न झालं का बघून ये."

बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली. तो ताटं ठेवून गेला.

खोला चुलीपाशी उभी राहिली. तोवो आत आली आणि म्हणाली, "भात उरलाय बघ तळाशी, खरवड. तुझ्या आवडीची." खोलाने ती खरवड तोवोच्याच ताटात काढून दिली.

लढाई संपल्यावर पोलंडातल्या लोकांना परत जाऊ दिलं. झेलिग गेला. जाण्याआधी आईच्या कबरीवर दगड ठेवून आला, आणि कबर बघत जा म्हणून खोलाला सांगितलं. ती बघत गेली. पुढे तो कुठे गेला, कुणाला कळलं नाही. इल्योवू परत आला, मुलाचं लग्न झालं, सिव्यो घरात आली.

पेसाखच्या दुसऱ्या संध्याकाळी खोला उशिरापर्यंत चुलीपाशी नसायची. सगळं झाकून ठेवून ती फाटकाशी जायची. दोन्ही फळ्या उघडायची, आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. नळ, नणंदेच्या घराचं वळण, त्यापलीकडे चायखान्याचा रस्ता. आत लोक जमलेले असायचे, भाताचा वास गल्लीभर सुटलेला असायचा.

"आई, कुणाची वाट बघताय?" सिव्यो आतून ओरडायची. "सगळे आलेत. भात गार होतोय."

खोला आत यायची. फाटक तसंच उघडं ठेवायची. भाताचं ताट सगळ्यांकडे फिरवायची, आणि आपल्यासाठी बटाटा सोलायला घ्यायची.